शंभराचे एकशे साठ

भारतीय माणसाला परदेशात गरीब असण्याची सवय असते. बँकेची स्टेटमेंटं, पगाराच्या स्लिपा, घराचे कागद असं सगळं फायलीत घालून आपण व्हिसाच्या खिडकीशी उभे राहतो आणि काचेपलीकडच्या माणसाला पटवून देतो, की आम्ही फक्त बघायला येतोय, राहायला नाही. तिथे पोचल्यावर कॉफीच्या कपाचा भाव वाचून मनातल्या मनात गुणाकार करतो आणि दुकानातला पाव घेऊन बागेतल्या बाकावर जाऊन बसतो. यातून एक स्वभाव घडत जातो. जगाच्या उतरंडीत आपण खाली आहोत, आपल्याला कुणीही फसवू शकतं, तेव्हा सावध राहायचं आणि जिथे जमेल तिथे भाव पाडायचा. युरोपात या स्वभावाला कारण आहे. पण तोच स्वभाव सामानात भरून आपण नेपाळला जातो. तिथे उतरंडीत आपण वर असतो, आणि वर असताना कसं वागायचं हे आपल्याला कुणी शिकवलेलं नसतं.

नेपाळचं दरडोई उत्पन्न भारताच्या साधारण निम्मं आहे. तिथे जायला आपल्याला व्हिसा लागत नाही. १९५० च्या भारत-नेपाळ मैत्री करारापासून दोन्ही देशांचे नागरिक मोकळेपणी ये-जा करतात. पासपोर्ट नसेल तर मतदार ओळखपत्रही चालतं. काठमांडूच्या त्रिभुवन विमानतळावर बाकीचे परदेशी डॉलर मोजत व्हिसाच्या रांगेत थांबलेले असतात आणि आपण त्यांच्या शेजारून सरळ पुढे निघून जातो. मला आठवतं, त्या रांगेजवळून जाताना आमच्या गटातल्या प्रत्येकाचा चेहरा खुलला होता. आयुष्यात पहिल्यांदाच कुठल्या तरी विमानतळावर आपला पासपोर्ट वरचढ ठरला होता.

मग पैसे बदलायचे. शंभर भारतीय रुपयांचे एकशे साठ नेपाळी रुपये. हा दर १९९३ पासून जागचा हललेला नाही, कारण नेपाळने आपलं चलन भारतीय रुपयाला बांधून ठेवलं आहे. भाजी, तेल, गॅस, औषधं, बहुतेक सगळं भारतातून येत असल्यामुळे त्यांना तसं करणं भाग आहे. आपल्याला एवढंच दिसतं की पाकीट जाड झालं. हा वाढीव साठ रुपयांचा भाग तसा खोटा असतो, कारण तिथल्या वस्तूंचे भावही त्याच मापाने चढलेले असतात. नेपाळमध्ये वस्तू स्वस्त नाहीत. पेट्रोल, साबण, बिस्किटाचा पुडा यांची किंमत आपल्याइतकीच, कधी आपल्यापेक्षा जास्त पडते. स्वस्त असतं ते माणसाचं अंग. ते कळायला डोंगर चढावा लागतो.

अन्नपूर्णा बेस कॅम्पच्या वाटेवर ऑक्टोबर-नोव्हेंबरात मराठी कानावर पडल्याशिवाय दिवस जात नाही. पुणे, ठाणे, नाशिक, कोल्हापूर, सगळीकडचे ट्रेकर असतात. हरिश्चंद्रगड, रतनगड करून पाय तयार झालेले, हिमालयाची ओढ लागलेले. आम्हीही तसेच. पोखऱ्याहून जीपने निघालो, घांद्रुकला पहिला मुक्काम केला. ते गुरुंगांचं गाव. दगडी चौथरे, पाटीच्या काळ्या दगडाची छपरं, आणि कितीतरी घरांच्या भिंतीवर ब्रिटिश किंवा भारतीय फौजेतल्या आजोबा-पणजोबांचे फोटो. घांद्रुकमधली चांगली घरं फौजेच्या पेन्शनवर उभी राहिली आहेत. आपल्या साताऱ्याच्या मिलिटरी अपशिंग्यात किंवा कोल्हापूरच्या सैनिक टाकळीत जे दिसतं, तेच इथे दोन हजार मीटर उंचीवर.

एजन्सीने दोघांमागे एक पोर्टर दिला होता. तिथला हा सर्वसाधारण हिशेब आहे. माझी आणि माझ्या मैत्रिणीची सॅक ज्याच्याकडे आली तो चोविशीतला मुलगा होता, पश्चिम नेपाळातल्या जाजरकोट जिल्ह्यातला. तो मला दिदी म्हणायचा, मी त्याला भाइ. पोखऱ्यातच काट्यावर लटकवून बघितलं होतं, दोन्ही सॅक मिळून सव्वीस किलो. ट्रेकिंगच्या पोर्टरने तीस किलोच्या वर उचलू नये असा सर्वमान्य दंडक आहे, म्हणजे आम्ही त्यात बसत होतो.

सकाळी तो ओझं बांधायचा तेव्हा मी बघत बसायची. दोन्ही सॅक पाठीला पाठ लावून उभ्या करायच्या, नायलॉनच्या दोरीचे आडवे-उभे फेरे घ्यायचे, गुडघा टेकवून फेरे आवळायचे. वर त्याची स्वतःची पिशवी. त्या पिशवीत एक जाकीट, मोज्यांचा जोड, मोबाइलचा चार्जर, दात घासायचा ब्रश. आमच्या दोघींच्या सव्वीस किलोंवर त्याचं दोन किलोंचं बिऱ्हाड. मग नाम्लो. हा तळहाताएवढ्या रुंदीचा विणलेला पट्टा. त्याची दोरी ओझ्याच्या तळातून घ्यायची आणि पट्टा कपाळाच्या किंचित वर, जिथे केस सुरू होतात तिथे बसवायचा. तो ओझ्याला पाठ लावून जमिनीवर बसायचा, पट्टा डोक्यावर नीट करायचा, पुढे झुकायचा आणि एका दमात उठायचा. उठताना मानेच्या दोन्ही बाजूंच्या शिरा तट्ट फुगायच्या आणि उभा राहिला की परत बसायच्या. दुपारी पट्टा काढला की तिथे एक लालसर चर दिसायचा. संध्याकाळपर्यंत तो चर बुजायचा. वयस्क पोर्टरांचा मात्र बुजत नाही, तिथले केसच विरळ झालेले असतात.

नाम्लो लावला की मान वर करता येत नाही. नजर पुढच्या दोन पायऱ्यांवर. आम्ही ज्या अन्नपूर्णा साउथसाठी, हिउँचुलीसाठी, माछापुच्छ्रेसाठी एवढा खर्च करून आलो होतो, ती शिखरं बघायची तर त्याला ओझं टेकवावं लागायचं.

तरी तो ट्रेकिंगचा पोर्टर, त्याचं ओझं मोजलेलं. खरं ओझं असतं ते लॉजचा माल नेणाऱ्यांचं. छोमरोंगच्या वर अन्नपूर्णा अभयारण्यात सरपण जाळायला बंदी आहे, आणि जंगल वाचवायचं तर ती हवीच. त्यामुळे वरच्या सगळ्या लॉजचा स्वयंपाक गॅसवर किंवा रॉकेलवर होतो. गॅसचा भरलेला सिलिंडर तीसेक किलोंचा. छोमरोंगच्या पायऱ्या उतरून, नदी ओलांडून, सिनुवाकडे चढणाऱ्या वाटेवर आम्हाला पन्नाशीचा एक माणूस दिसला. पाठीवर दोन सिलिंडर, पायात गोल्डस्टारचे कापडी बूट, हातात ‘टी’ आकाराची काठी. दर पन्नासेक पावलांवर तो ती काठी मागे ओझ्याखाली लावायचा, उभ्याउभ्याच वजन तिच्यावर टेकवायचा, दोन-चार श्वास घ्यायचा आणि पुन्हा चालू लागायचा. बसायचा नाही, बसला तर उठवायला कुणी लागलं असतं. २००५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात नेपाळी भारवाहकांवरचा एक अभ्यास छापून आला होता. एव्हरेस्टकडच्या नामचे बाजारच्या वाटेवरच्या पुरुष भारवाहकांच्या पाठीवर सरासरी स्वतःच्या वजनाच्या ९३ टक्के ओझं असतं, असं त्यात मोजलं होतं. तो अभ्यास शरीर एवढी ऊर्जा कशी वाचवतं याचा होता, आणि त्यांची शरीरं खरोखरच अचाट आहेत. पण ते वाचून आपण नुसतं आश्चर्य करून थांबतो, ते मला आता चालत नाही.

कारण त्या दिवशी संध्याकाळी वरच्या लॉजवर गरम पाण्याच्या आंघोळीचा भाव भिंतीवर लिहिलेला होता आणि नळाखाली गॅसचा गीझर होता. तेच ते सिलिंडर. जेवणखोलीत शेजारच्या टेबलावर मराठी बोलणारा दुसरा गट होता. त्यांच्यातल्या एकाची लॉजच्या दिदीशी हुज्जत चालली होती. उकळलेल्या पाण्याचे एवढे? खाली तर निम्म्याने मिळत होतं. “हम इंडिया से हैं, अपने ही लोग हैं, थोडा देख लो.” दिदी शांतपणे सांगत होती, की भाव लॉजवाल्यांची समिती ठरवते, एकटीला बदलता येत नाही. माणूस वाईट नव्हता. नंतर त्याने आम्हाला घरून आणलेल्या शेंगदाण्याच्या चिकीचे तुकडे दिले, गप्पा मारल्या, स्वतःच्या पोर्टरसाठी डोकेदुखीची गोळी शोधली. पण वर जाताना वाढत जाणारा तो प्रत्येक रुपया कुणाच्या तरी पाठीवरून चढलेला असतो, आणि लॉजवालीशी केलेली घासाघीस शेवटी त्या पाठीशी केलेली असते. त्याला तो लॉजवालीचा नफा वाटत होता.

त्याच दिदीने रात्री शेगडीपाशी २०१५ ची गोष्ट सांगितली. त्या वर्षी २५ एप्रिलला भूकंप झाला, सुमारे नऊ हजार माणसं गेली. पर्यटक येईनासे झाले. सावरतात न सावरतात तोच सप्टेंबरात नवी राज्यघटना आली आणि सीमेवरची नाकी बंद पडली. पाच महिने ट्रक येईनात. भारत सरकारने नाकाबंदी केल्याचं कधीच मान्य केलं नाही. सीमेलगतच्या तराईत राहणाऱ्या, नव्या राज्यघटनेवर नाराज असलेल्या मधेशी आंदोलकांनी नाकी अडवली, असं दिल्लीचं म्हणणं. नेपाळी माणसाच्या मनात मात्र ती भारताची नाकाबंदी म्हणूनच राहिली आहे. “गॅस नव्हता, पेट्रोल नव्हतं, पोखऱ्यात माणसं अंगणात लाकडं जाळून भात शिजवत होती,” ती सांगत होती, आणि बोलत होती हिंदीत, आमच्यासाठी. तिच्या आवाजात राग नव्हता. आम्हाला भाताची दुसरी वाढ करता करता ती हे बोलत होती, त्यामुळे ते जास्त लागलं. आपल्याकडे त्या पाच महिन्यांची आठवण किती जणांना आहे? मोठ्या देशाला ही चैन असते. आपल्या हातून शेजाऱ्याचं काय झालं हे विसरलं तरी त्याचं काही अडत नाही.

वरच्या टप्प्यावर, देउरालीच्या अलीकडे, दोन्ही बाजूंनी कडे जवळ येतात आणि हिमकड्यांच्या धोक्याच्या पाट्या लागतात. १७ जानेवारी २०२० ला तिथेच हिमस्खलन झालं. चार दक्षिण कोरियन ट्रेकर आणि तीन नेपाळी गाडले गेले. कोरियन लोक शिक्षक होते, नेपाळमध्ये स्वयंसेवक म्हणून आले होते आणि मधल्या मोकळ्या दिवसांत ट्रेकला निघाले होते. नेपाळी कामावर होते. डोंगरातल्या प्रत्येक मोठ्या अपघाताच्या यादीत हे दोन रकाने असतात, आणि दोहोंची किंमत सारखी धरली जात नाही. १८ एप्रिल २०१४ ला एव्हरेस्टच्या खुंबू हिमप्रपातात सोळा नेपाळी मेले. दुसऱ्यांसाठी दोर आणि सामान वर नेत असताना मेले. सरकारने सुरुवातीला प्रत्येक कुटुंबाला चाळीस हजार नेपाळी रुपये जाहीर केले. म्हणजे आपले पंचवीस हजार. शेर्पांनी त्या मोसमात चढाई थांबवली, तेव्हा विम्याच्या रकमा वाढल्या. त्याआधी, १९९७ मध्ये, विशीतला एक पोर्टर उंचीमुळे आजारी पडल्यावर त्याचे पैसे चुकते करून त्याला एकट्यालाच खाली पाठवून देण्यात आलं, आणि तो वाटेतच मेला. त्याच्या मृत्यूनंतर ‘इंटरनॅशनल पोर्टर प्रोटेक्शन ग्रुप’ उभा राहिला. त्यांच्या मागण्या वाचल्या तर वाटतं, यात मागण्यासारखं काय आहे: थंडीला पुरेसे कपडे, झोपायला छप्पर, आजारी पडला तर पाहुण्याला मिळतात तेच उपचार, कुणी तरी सोबत देऊनच खाली पाठवणं. एवढ्याशा गोष्टींसाठी संस्था काढावी लागली.

हे सगळं बघून आमच्या गटातला एक मित्र म्हणाला, पुढच्या वेळी मी माझी सॅक मीच उचलणार. सह्याद्रीत वाढलेल्या ट्रेकरला हे पटकन पटतं. आपलं ओझं आपण उचलायचं हा आपल्याकडे संस्कारच आहे. मला ते पटलं नाही. मी सॅक उचलली तर माझं मन हलकं होईल आणि त्या मुलाचा मोसम रिकामा जाईल. मोसम म्हणजे वर्षाकाठी चार-पाच महिने. त्यातला प्रत्येक दिवस त्याने आधीच घरच्या कर्जाला लावून ठेवलेला होता. काहीजण शेवटच्या दिवशी जुने बूट, जाकीट देऊन टाकतात. द्यावेत, पण ज्याला चढताना बूट हवे होते त्याला उतरल्यावर दिले तर ते आपल्या समाधानासाठी. भाइला दिवसाला अडीच हजार नेपाळी रुपये मिळत होते, जेवण त्याचं त्याने बघायचं. आम्ही एजन्सीला दिलेल्या रकमेतले किती त्याच्यापर्यंत पोचतात, विमा कितीचा आहे, हे निघण्यापूर्वी विचारायचं, कागद बघायचा, आणि नीट उत्तर नाही मिळालं तर दुसरी एजन्सी धरायची. त्या धंद्यात गिऱ्हाईक म्हणून आपल्या हातात जोर असतो तो एवढ्या एका क्षणी. पैसे भरले की तो संपतो.

पोर्टर आणि गाइड जेवायचे सगळे पाहुणे उठल्यावर. झोपायचे जेवणखोलीतल्याच बाकांवर. आम्ही लॉजवाल्याशी बोलून एक खोली मिळवली, तर भाइ म्हणाला, नको, तिथे थंडी असते, इथे शेगडीची ऊब असते आणि दोस्त असतात. ते पत्ते खेळत होते, कुणाच्या तरी मोबाइलवर गाणी लावलेली होती, आणि ती खोलीतली सर्वांत हसरी मंडळी होती. त्यांच्या हसण्याचा अर्थ ‘बघा, गरीब असूनही किती सुखी’ असा लावणारी माणसं मला सहन होत नाहीत. ती एका दिवसाचं काम संपवलेली तरुण मुलं होती, आणि कामानंतर हसत होती. बस.

तिथेच एका संध्याकाळी त्याने विचारलं, दिदी, तुम्ही पुण्याच्या म्हणजे मूळ पुण्याच्याच का? मी म्हटलं, नाही, रत्नागिरी जिल्ह्यातली. तो एकदम सरसावून बसला. “साखरीनाटे?” अन्नपूर्णेच्या कुशीत, बाहेर बर्फाचा वारा सुटलेला असताना, जाजरकोटच्या मुलाच्या तोंडी राजापूर तालुक्यातल्या आमच्याकडच्या बंदराचं नाव. त्याचा थोरला भाऊ तिथे मच्छीमारी बोटीवर खलाशी होता. त्याआधी काका रत्नागिरीजवळच्या आंब्याच्या बागेत होते. भाऊ नेपाळगंजवरून रुपईडिह्याला सीमा ओलांडतो, पुढे लखनऊ, मग मुंबई, मग कोकण. जाळं ओढून ओढून त्याचे हात कसे झालेत, हे भाइने स्वतःचे हात पुढे करून दाखवलं. मासे तो खात नाही, असंही सांगितलं.

कोकणातल्या कुणालाही हे नवीन नाही. दिवाळीनंतर नेपाळी माणसं येतात. बागांमधल्या मांगरात, म्हणजे बागेतल्या झोपडीवजा घरात राहतात. मोहोरावरची फवारणी, रात्रीची राखण, वानरं हाकलणं, मग घळ, म्हणजे आंबा काढायची जाळी लावलेली काठी, घेऊन झाडावर चढून आंबा उतरवणं, पेट्या भरणं. पावसाच्या तोंडावर परत जातात. बोटीवरचे खलाशी ऑगस्टात मासेमारी सुरू झाली की येतात. आज रत्नागिरीचा हापूस आणि रत्नागिरीची मासळी ही दोन्ही नेपाळी हातांशिवाय बाजारात पोचू शकत नाहीत. वाड्यांवरच्या जिल्हा परिषदेच्या शाळांमधून नेपाळी मुलं मराठीत कविता म्हणतात आणि पावसाच्या तोंडावर शाळा सोडून जातात. आमच्या बागेतही कितीतरी वर्षं माणसं येत आली. त्यांना सगळे गुरखेच म्हणतात. ते अछामचे की डोटीचे की जाजरकोटचे, हे कुठल्याच बागेत कुणी विचारत नाही. कुठे चोरी झाली की पहिली चौकशी त्यांची होते, हेही सगळ्यांना ठाऊक आहे.

आणि कमाई रोख. मोसमाचा हिशेब शेवटी एकदम, नोटांमध्ये. त्या नोटा कमरेला बांधून माणूस डोंगरातल्या गावी जातो आणि गरज पडेल तशी एकेक मोडतो. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री आपल्या पाचशे-हजाराच्या नोटा बंद झाल्या तेव्हा आपण रांगेत उभे राहिलो, हाल सोसले, पण पैसे बदलून मिळाले. जाजरकोटच्या, अछामच्या घरात डब्यात ठेवलेल्या भारतीय नोटा बदलायला रांगच नव्हती. भारताने त्या बदलून देण्याची सोय केली नाही. भाइच्या आईने काकांनी आणलेल्या अशा काही नोटा देवघरात ठेवल्या आहेत. कधीतरी चालतील, म्हणून. किती आहेत ते त्याने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. मागच्याच आठवड्यात शंभराचे एकशे साठ घेताना मी दिलेल्या नोटा आणि देवघरातल्या त्या नोटा एकाच रिझर्व्ह बँकेच्या.

मला तिथे जे कळलं ते इतकंच. नेपाळच्या डोंगरात माझी श्रीमंती म्हणून जी दिसते, ती तिथे गेल्यावर मला मिळालेली नाही. ती आमच्या मांगरात, साखरीनाट्याच्या जेटीवर, पुण्यातल्या सोसायट्यांच्या गेटवरच्या पत्र्याच्या केबिनमध्ये आधीच तयार झालेली असते. ज्या देशात माणसाचं अंग स्वस्त आहे त्या देशातून ते आम्ही घरी मागवतो, आणि सुट्टीत तेच अंग आमची सॅक उचलायला लावतो. भाइच्या घरातला एक माणूस आमच्या कोकणातली मासळी उतरवत होता आणि दुसरा माझं सामान चढवत होता.

परतताना त्रिभुवन विमानतळावर आत शिरायची रांग लांबलचक होती. तिच्यात ट्रेकर थोडे. बाकी सगळे तरुण, एकसारख्या टोप्या घातलेले, छातीशी प्लॅस्टिकची फाइल, कपाळावर टिका, गळ्यात झेंडूच्या माळा. आखाती देशांत आणि मलेशियात जाणारी मुलं. देशाच्या उत्पन्नाचा जवळपास चौथा हिस्सा ही अशी बाहेरून पाठवलेली कमाई आहे. त्यातल्या काहीजणांच्या शवपेट्या याच विमानतळावर परत येतात. पुढे सप्टेंबर २०२५ मध्ये काठमांडूत तरुण पोरं रस्त्यावर आली. पुढाऱ्यांच्या मुलांचे महागड्या सुट्ट्यांचे फोटो मोबाइलवर फिरत होते आणि यांच्या घरातला एकेक जण वाळवंटात राबत होता. पहिल्याच दिवशी एकोणीस जण गोळीबारात मेले, दुसऱ्या दिवशी पंतप्रधान ओली पायउतार झाले. ते बघताना मला त्या रांगेतले चेहरे आठवत होते. गरीब देश म्हटला की आपण सगळ्यांना एका रांगेत बसवतो. त्या देशातही वरचे आहेत, आणि त्यांच्यावरचा तिथल्या मुलांचा राग मला पूर्ण पटतो.

घरी आल्यावर मी भावाशी बोलले. बाग तो बघतो, कष्ट त्याचे, त्यामुळे बोलायला सोपं नव्हतं. तो म्हणाला, “ताई, तू सांगतेस ते खरं आहे. पण फवारणीचं औषध किती झालंय? थ्रिप्स पडला की तीन-तीनदा मारावं लागतं. अवकाळी आला की मोहोर गेला. वाशीत दलाल देईल तो भाव. या सगळ्यात एक गडीच काय तो माझ्या हातातला खर्च आहे.” हे तो खोटं बोलत नव्हता. साखळीत त्याच्यावरही कुणी बसलेलं आहे. पण सगळ्यांत खाली जो आहे त्याच्याकडे ढकलायला कुणीच नसतं, एवढं मी त्याला म्हटलं, आणि त्यावर आम्ही दोघंही बराच वेळ बोलत राहिलो.

मांगराला संडास-बाथरूम बांधायचं लगेच ठरलं. पैसे मोसमाच्या शेवटी एकदम न देता महिन्याच्या महिन्याला द्यायचे आणि वहीत दोन्हीकडच्या सह्या घ्यायच्या, हेही झालं. झाडावरून पडला तर काय, यासाठी विमा काढायला गेलो तर एजंट आधार कार्ड मागतो आणि ते त्यांच्याकडे नसतं. ते अजून अडलेलं आहे. मजुरी वाढवण्यावर मात्र भाऊ अडून बसला. वाडीत सगळ्यांचा भाव ठरलेला असतो, एकट्याने वाढवला तर उद्या शेजारचे दारात येतील. शेवटी असं ठरलं, की पुण्याला मी माझ्या ओळखीत ज्या पेट्या विकते त्यांच्या किमतीत मजुरीचा जादा भाग धरायचा आणि तो सरळ मांगरात जायचा. यंदा पेटी महाग का, असं काही गिऱ्हाइकांनी विचारलं. मी त्यांना पेटीचा पूर्ण हिशेब लिहून पाठवला: औषध, खत, खोका, पेंढा, गाडीभाडं, आणि मजुरी. काहींनी पेट्या घेतल्या. काहींनी बाजारातून घेतो म्हणून कळवलं.